काकांचा नायगारा आणि हेल्गाचा शब्द

रवि. १८ सप्टें. २००५, डब्लिन (अमेरिका)
मंडळाचा दिवाळी अंक यंदा माझ्याकडे. रीत अशी की जो जे देईल ते जसंच्या तसं छापायचं. सबनीसकाकांचा 'आमची नायगारा यात्रा' आला. पेट्रोल, टोल, मोटेलचा नाश्ता... धबधबा शेवटच्या पानावर. कापू का? संजय हसला. "काप, आणि मग दिवाळीच्या जेवणाला काकांशेजारी तूच बस." इरा: "आई, जस्ट प्रिंट इट."

बुध. २१
शेजारच्या हेल्गाकडे कॉफी. जर्मनीत ती गावच्या वर्तमानपत्राची संपादक होती. त्यांचा शब्द रेडाक्ट्योर. म्हटलं, म्हणजे काटछाट करणारा? तर नाही. फ्रेंचमधून आलेला, मूळ लॅटिन: हाकत परत आणणं, गोळा करून नीट लावणं. गुरं वळवतात तसे हात करून दाखवले. "कात्री काय, कोणाकडेही असते," म्हणाली. दिवसभर तेच डोक्यात. आपला 'संपादक' कुठून आला, बघायला हवं.

शुक्र. २३
काकांचा लेख पुन्हा वाचला. काकू त्यात विखुरलेल्या. टोलच्या परिच्छेदात: हिचं ग्रीनकार्ड घरी देवघरात राहिलं. नाश्त्यानंतर: म्हणून कॅनडाच्या बाजूला जाता आलं नाही, धबधबा समोरून दिसतो तो तिथूनच. पार्किंगच्या तक्रारीत: मुलगा म्हणाला, बाबा, आपण दोघं जाऊन येऊ, मी नको म्हटलं. शेवटी काका-काकू अलीकडेच, कठडा धरून, भिजत. या ओळी एकत्र आणल्या. दीड पान झालं. फार छान वाटलं. पण लेख त्यांचा...

रवि. २५
काका-काकू आले. काकांनी मोठ्याने वाचलं. "माझा टोल कुठंय? लोकांना उपयोगी पडतं ते!" कठड्यापाशी आल्यावर थांबले. "हे मी असं लिहिलंय?" ओळी तुमच्याच काका, फक्त जवळ आणल्या.
"घरातलं आहे हे. चारचौघांत कशाला?"
काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मला तर म्हणालात, गुडघा दुखतोय, म्हणून पलीकडे जात नाही!"
काकांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "उद्या सांगतो."

सोम. २६
काकांचा फोन नाही. उद्या छापायला द्यायचं. त्यांचा पूर्ण लेख आणि हा, दोन्ही तयार ठेवलेत. दुपारी काकूंचा फोन, हळू आवाजात: "सकाळपासून वाचतायत गं. हो की नाही, काही बोलत नाहीत. पण चहा आज त्यांनी केला. साखर विसरले."
दोन्हींतला कुठलाही लेख छाप, म्हणाले तरी चालेल मला आता.