नेटबुकचा बुटका पडदा

सलायना, कॅन्सस
१७ जून २००९

प्रिय मार्लिसताई,

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. गारांनी फुटलेली छपरं विमा कंपनीसाठी तपासायचं काम अजून चालू आहे. आईचा गुडघा कसा आहे?

दुकानासाठी लॅपटॉप घेऊ की नेटबुक, असं तू विचारलंस. शिडीवर ओझं नको म्हणून मी ते छोटं, हलकं नेटबुक घेतलं. ऑफिसातला वेंडेल म्हणाला होता, "अरे, हे खेळणं आहे! यावर काम करणार तू?" मी हसण्यावारी नेलं.

त्याचा पडदा बुटका आहे. आमच्या फॉर्मच्या तळाशी 'घरात राहणं धोक्याचं' अशी चौकट असते, ती त्यावर दिसतच नव्हती. एकतीस घरांचे फॉर्म मी तिथे खूण न करताच पाठवले. खूण असेल तरच कंपनी माणसांना लगेच दुसरीकडे हलवते; त्यामुळे ब्याऐंशी वर्षांच्या ओपल डीट्झबाई नऊ दिवस गळक्या छपराखाली राहिल्या. काल गेलो आणि यंत्राच्या पडद्यामुळे असं झालं म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या, "ये बाबा, आता आंघोळ स्वयंपाकघरातच होते माझी! मेलं ते तुमचं यंत्र." वर मलाच कॉफी दिली.

पण ती चौकट असते, हे मला अकरा वर्षं ठाऊक आहे. दिसली नाही, तर मी शोधली का नाही? दमलो होतो, एवढंच उत्तर सापडतं.

तू लॅपटॉपच घे. नेटबुक पत्रांपुरतं ठीक.

सगळी घरं पुन्हा पाहायची आहेत, म्हणून चार जुलैच्या सुट्टीला घरी येणं होणार नाही. आईला जरा समजावून सांग.

साहेबांना चूक कळवली. ते सोपं गेलं. चूक यंत्राची नाही, माझी होती, हे ओपलबाईंना अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळी आधी तिथेच जातो.

तुझाच,
ग्लेन