तीन खुणांची जागा

प्रिय ताई,

दर रविवारी तू निरोप पाठवतेस, मी एक-दोन शब्दांत उत्तर देते, आणि तू चिडवतेस, जीभ गहाण टाकलीस का गं. म्हणून आज कागद घेतला.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आमच्या दवाखान्यातून रोज सकाळी फोनवर विचारणा जाते : रक्तदाब किती, कसं वाटतंय. त्यांनी टाइप केलेली उत्तरं माझ्या प्रोग्रॅममध्ये येतात. आकड्यांची एक रांग, शब्दांची एक. या रांगा मुळात आकडेमोडीसाठी केलेल्या, त्यामुळे प्रत्येक खण सारख्या रुंदीचा. रुंदी आपण सांगितली नाही, तर पहिल्या दिवशीच्या सगळ्यात लांब शब्दावरून ठरते. पहिल्या दिवशी तिघांनीच उत्तरं दिली. छान. ठीक. बरं. यंत्र काना, वेलांटी, अनुस्वार वेगवेगळे मोजतं, म्हणून तिन्ही शब्द तीन-तीन खुणांचे. खणही तेवढेच झाले. नंतर कुणी लांब लिहिलं, तर रांग कुरकुर करत नाही. मावेल तेवढं ठेवते, उरलेलं टाकून देते. मला वाटत होतं, सगळे थोडक्यात बोलतात.

मंगळवारी आमची नर्स त्यांच्यातल्याच शिंपीकाकांकडे गेली. काकांचं दुकान कधीच बंद झालंय, मशीन अजून खिडकीशी आहे. काका पलंगाला टेकून जमिनीवर बसले होते. पाय सुजलेले, धाप लागलेली. तिच्यावर खेकसले, आठवडाभर कळवतोय, बरं नाही, बरं नाही, वाचता येत नाही का तुम्हाला? आमच्याकडे आठवडाभर ‘बरं’ पोचत होतं.

आता ते दवाखान्यात आहेत, सूज उतरली आहे. मी भेटायला गेले, काय झालं ते सांगितलं. म्हणाले, म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकाच्या मापाने सगळ्यांचे सदरे बेतलेस होय? मी हसले. ते हसले नाहीत. मग म्हणाले, बस जरा, घरी कुणी वाट बघत असेल तर जा. मी म्हटलं, नाही, कुणी नाही. मोठ्याने ते पहिल्यांदाच म्हटलं. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहिले.

प्रोग्रॅमची दुरुस्ती एका ओळीची होती. आता शब्द जेवढा, तेवढा खण.

घरी जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या आहेत. एकीवर धुतलेले कपडे पडलेले असतात. दूध मी अर्धं घेते, तरी नासतं.

तुझ्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी असतं, त्यालाही विचारलंय म्हणून सांग. मी लिहिते, सांगते. ताई, तो उन्हाळ्यातच घर सोडून गेला. भांडण झालं नाही. कपाटातली त्याची बाजू रिकामी केली, किल्ली टेबलावर ठेवली, आणि जाताना पंखा बंद करून गेला. तेव्हापासून तू विचारतेस, कशी आहेस, आणि मी लिहिते, बरी. तेही तीनच खुणांचं. पुढचा शब्द दर रविवारी माझ्याच हातात राहतो. आज तो लिहिते : नाही. बरी नाही, ताई. सवड बघू नकोस, ये.

तुझीच,
धाकटी