टिकल्या लावलेली दोन बटणं

चिरंजीव छगन यास थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद.

पाथर्डीला मला पुण्याच्या एसटीत बसवलंस आणि माझी पिशवी स्वतःच्याच खांद्याला लावून घरी गेलास. बायकोला कुठे विसरला नाहीस ना? गुडघा कसा आहे तिचा?

नात अश्विनीचा प्लास्टरातला हात बरा होतोय. ती एका हाताने कॉम्प्युटरवर लिहिते. लिहिलेलं जपून ठेवायला दोन बटणं एकदम दाबायची, ते काम माझं. मला अक्षर येत नाही, म्हणून तिने त्यांना टिकल्या लावल्यात.

काल तिने कीबोर्ड इंग्रजीवरून मराठीवर घेतला. मराठीत ती बटणं मुकीच. बटणं दाबल्यावर पडद्यावर रोजची हिरवी खूण उमटली नाही, हे मी पाहिलं. तरी तिने "झालं का गं आजी?" विचारल्यावर ऐटीत म्हणाले, "व्हय, कवाच!" मग वीज गेली. दिवसभराचं काम पुसलं गेलं, आणि ते आजच द्यायचंय.

पोर कॉम्प्युटरलाच शिव्या देत पुन्हा लिहितेय. मला लई लाज वाटते रे. हे पत्रही शेजारच्या हेलनकडे बसून सांगतेय.

आज जेवताना तिला खरं सांगणार आहे.

बाजरीच्या खारोड्या पाठव. डब्यावर अश्विनीचं नाव घाल. तिने वाढल्या तरच मी खाईन.

तुझी,
बनुआक्का