वीसपैकी वीस

देऊळघाट, ३ एप्रिल १९३६

सात गणितं केली. सातही चुकली. आणि म्हणे मी बी.ए.! जबलपूरच्या ट्रेनिंग कॉलेजात शिरायचं तर प्रवेश-परीक्षेत अंकगणिताचा पेपर आहेच. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही, आणि ट्रेनिंगवाचून हायस्कुलात कुणी कायम करत नाही. यंदा जमलं नाही तर बाबांच्या मळ्यात वांगी तोडायची, जन्मभर.

११ एप्रिल

हौदाचं गणित — दोन नळ भरणारे, एक रिकामा करणारा. पानभर रीत लिहिली. उत्तर आलं वजा दोन तास! म्हणजे हौद भरायला घेण्याआधीच भरला.

बाबांना वाचून दाखवलं. ते तिसरीपर्यंत शिकलेले. खालचा नळ उघडा ठेवणारा शहाणा कोण, यावरच ते आधी चिडले. मग वाफ्याकडे बघत म्हणाले, "सहा घंटे." पुस्तकात मागे पाहिलं — सहा!

१२ एप्रिल

आजपासून बाबा मास्तर. गावात कळलं तर?

२० एप्रिल

वांगी तोडता तोडता पावकी, सवायकी, दिडकी — सगळे अपूर्णांकांचे पाढे. 'सतरा सवाये सव्वाएकवीस' असं मी ओरडतो आणि शेजारच्या मळ्यातल्या कौशल्याबाई हसतात. हसोत बापड्या. पेन्सिल उचलली की बाबा काढून घेतात. "कागद कायले नासवतं बे? तोंडानं कर." खरंच आहे. लिहिलं की चुकतं, तोंडानं केलं की बरोबर येतं.

नागपूर, ९ मे

पेपर झाला! वीस गणितं, वीस उत्तरं, अर्ध्या वेळात. शेजारचा घामाघूम होऊन पानंच्या पानं भरत होता. कीव आली बिचाऱ्याची.

देऊळघाट, २ जून

पत्र नाही.

१७ जून

पत्र आलं. वीसही उत्तरं बरोबर. रीत एकाचीही दाखवलेली नाही, म्हणून गुण शून्य, प्रवेश नाही. पेपराच्या माथ्यावर इंग्रजीत तशी सूचना होती म्हणे. मी वाचलीच नाही. मी, घरातला एकटा इंग्रजी येणारा!

बाबांनी विचारलं, किती बराबर आले. म्हटलं, वीस. पुढचं बोलणार, तर त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. म्हणाले, "म्या शिकवलं हे तिकडं कोणाले सांगू नको. तुही इज्जत जाईन." फार लाज वाटली. पत्राची घडी करून खिशात घातली.

२९ जून

जबलपूरसाठी मलकापूर स्टेशनला जायची बैलगाडी जुंपून झाली. पत्र अजून माझ्या खिशातच आहे. ट्रंक बाबांनी स्वतः चढवली. आता मला हाक मारताहेत.