तळ्याच्या तळचा गाळ

१४ ऑक्टोबर

प्रिय भावोजींना,

वहिनीचा नमस्कार. नव्या नोकरीत तुम्ही रुळला असाल. आईंचा गुडघा बरा आहे, जिना चढतात. माझंही प्रयोगशाळेत जाणं सुरू झालंय.

आज साहेबांनी बोलावलं होतं. म्हणाले, "त्याच्या बाटल्या उद्या रिकाम्या करा. जागा हवी आहे." मी म्हटलं, "त्यातलं सगळं जिवंत आहे, सर."

तुम्ही चिडवायचात ना, दादा चिखल पाळतो म्हणून, त्याच बाटल्या. तळ्याच्या तळच्या त्या गाळात आर्किया असतात. जिवाणूंएवढेच सूक्ष्म, पण कूळ वेगळं. पानं, मासे, जे काही बुडून कुजतं, त्याच्या उरल्यासुरल्यातून काही आर्किया मिथेन वायू बनवतात. त्यांच्या वरच्या थरातले दुसरे तो वायू वर निसटण्याआधीच खातात. ते नसते तर जगाची हवा आणखी तापली असती. हवा लागली की मात्र मरतात बिचारे.

साहेबांना मी खोटं सांगितलं. बाटल्यांमधला मिथेन आता घटतच नाही, म्हणजे तो खाणारे मेले. बुचांतून हवा शिरली असावी. त्याच्या हातचं तेवढंच जिवंत उरलं होतं, भावोजी, आणि तेही मला सांभाळता आलं नाही.

खरं लिहायचं ते वेगळंच आहे. सोमवारी पाणबुड्यांनी शोध थांबवला. त्यांचा मुख्य म्हणाला, "बाई, खाली गाळ फार. हात खांद्यापर्यंत आत जातो." तोच गाळ आणायला गेला होता तुमचा दादा, होडी उलटली तेव्हा.

आईंना हे सांगितलेलं नाही. त्या रोज विचारतात, "आज उतरले होते का ती माणसं?" मी हो म्हणते. दुसरी कुणी असती तर तिला निदान कळलं नसतं, तळाशी गेलेल्याचं पुढे काय होतं ते. मला थर न् थर पाठ आहे. डोळे मिटले की तेच दिसतं.

काल माझ्या पाठीवर हात फिरवत आई म्हणाल्या, "खाली गार लागत असेल ना गं त्याला?"

"फार नाही," म्हणाले, आणि न्हाणीघरात नळ सोडून बसले.

त्यांना कळलंय. तरी उद्या पुन्हा तेच विचारतील आणि माझ्या तोंडून आता हो निघणार नाही. तुम्ही या. कामावर काय सांगायचं ते सांगा, पण या. मला एकटीला हे झेपत नाही.

तुमच्या दादाच्या माघारीही तुमचीच,
वहिनी