पाऊस नव्हता त्या दिवशीचं पाणी

प्रिय ऋतिका,

तीन दिवस तुझा फोन उचलला नाही. बोलले असते तर तोंडातून नको ते गेलं असतं, म्हणून लिहिते आहे. रागावलेय मी. पुण्यात बसून तू लिहिलेला चौकशी अहवाल दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा चष्मा काढून टेबलावर आपटला.

नायगावच्या या ऑफिस-संकुलाची देखभाल मी बावीस वर्षं बघतेय, आणि त्यातली सोळा वर्षं पंपघर आग्नेलने सांभाळलं. माणूस इथल्याच उमेळे गावचा, बाप मिठागरात राबलेला. भिंतीवर चर्चचं कॅलेंडर, पण त्यावर अमावास्या-पौर्णिमा पेनाने लिहिलेल्या. त्या दिवशी भरतीला उधाण येतं आणि खाडी नाल्यातून उलटी आत शिरते. तो आधीच चाक फिरवून नाल्याचं लोखंडी दार पाडायचा. सोळा वर्षांत तळघरातल्या एकाही गाडीचं टायर भिजलं नाही.

मग हेड ऑफिसला स्मार्ट आणि हरित व्हायचं होतं. काम तुझ्या कंपनीला मिळालं, प्रमुख तू. मी मजल्यामजल्यावर पेढे वाटले. वीज वाचली हे खरंच, छतावरचं सौर पॅनल, आपोआप मालवणारे दिवे, सगळं मला आवडलं. पण वीज वाचवायला पाऊस नसेल तेव्हा पंप बंद आणि दार उघडं ठेवायची तुझी ती युक्ती! आग्नेलने बैठकीत भरतीचं विचारलं होतं. तू हसून म्हणालीस, "काका, सेन्सर आहेत ना." वर कुणी हात लावू नये म्हणून चाकाला कुलूप घातलंस.

तुझे सेन्सर पाऊस मोजत होते, खाडी नाही. गेल्या अमावास्येला भर दुपारी, लख्ख उन्हात पाणी तळघरात आलं, तिथेच गाड्या चार्ज करायची जागा. आग्नेलने मेन स्विच पाडला, कमरेएवढ्या पाण्यात उतरला, पहारीने कुलूप तोडलं आणि दार पाडलं. गाड्या भिजल्या, माणसं वाचली.

आणि तुझा अहवाल म्हणतो की कुलूप तोडल्यामुळे यंत्रणा बिघडली आणि पाणी शिरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! कुलूप कधी तुटलं ते तुझ्या स्क्रीनवर आहे, पाणी कधी चढलं ते कॅमेऱ्यात आहे. त्या दोन्ही नोंदी तू बघितल्या होत्यास, तरी क्रम उलटा लिहिलास. हे मी तुला शिकवलं नव्हतं. त्याला कामावरून काढायचं पत्र माझ्या टेबलावर सहीसाठी पडलंय. काल त्याची बायको मर्सी आली. भांडली नाही. "मॅडम, त्यानी कोनाचं वाईट केलं?" एवढंच विचारून गेली.

अहवालात आणखी एक ओळ आहे, पूर्वसूचना कुणालाच मिळाली नव्हती. मिळाली होती, मला. पाणी चढण्याआधी आग्नेलचा फोन आला. "पानी उलटं फिरलंय, मॅडम. कुलूप तोडू?" मी म्हटलं, हात लावू नकोस, माझ्या मुलीचं काम आहे, ती चुकायची नाही. पुढची चाळीस मिनिटं त्याने माझं ऐकलं, तीच काय ती त्याची चूक. आणि चौकशीत त्याने माझं नाव घेतलं नाही. तुझ्यावर एवढी ओरडतेय खरी, पण या रागातला मोठा वाटा माझा माझ्यावरच आहे. आज सकाळी हे सगळं लिहून, सही करून हेड ऑफिसला पाठवलं. माझी नोकरी जाईल, तुमचं कंत्राटही जाईल कदाचित. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. मी त्या पत्रावर सही केलेली नाही, सोमवारी इथे त्याची सुनावणी आहे. अहवाल मागे घ्यायला ये. नाही आलीस तर तुझ्याविरुद्ध साक्ष द्यायला मी बसलेली असेन.

रागावलेली, तरी तुझीच,
आई