सात फॅन्टसिया आणि ताईची सही

मी, खाली सही करणारा, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, जन्मभर वाद्यदुरुस्ती केलेला आणि क्लॅरिनेट वाजवलेला इसम, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलीचा त्यावर विश्वास नाही, पण तो तिचा प्रश्न.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. जिन्याखालचं कपाट तिने लगेच रिकामं करू नये. त्यात तिच्या आईचे कोट आहेत.

२. दुकानातली सगळी हत्यारं तिथल्या कारागीर बाईंना. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी तोंडावर कधी बोललो नाही, ते चुकलंच.

३. मेव्हण्याने आयुष्यभर माझ्या क्लॅरिनेटला पिपाणी म्हटलं. त्याला काही नाही.

४. राहिल्या सात फॅन्टसिया. ऑपेरातली चार-पाच गाणी एकात एक ओवून मी त्या क्लॅरिनेट आणि पियानोसाठी बांधल्या. पियानोवर माझी थोरली बहीण. ऑपेरातली नायिका मरायला वीस मिनिटं घेते, आम्ही तिला चारात उरकायचो. ताई म्हणायची, "अरे, बिचारीला श्वास तरी घेऊ दे." श्वास खरं तर मला हवा असायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शाळांची सभागृहं, इस्पितळाचा हॉल, कुठे कुठे म्हणून वाजवलं. काय दिवस होते ते.

पाचव्या फॅन्टसियात एक जागा आहे. पियानो थांबतो, मी एकटा वाजवतो, आणि मी मान हलवली की ताईने पियानो पुन्हा सुरू करायचा. एकतीस वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात तिने त्याआधीच सुरू केला. घरी आल्यावर मी तिला नको नको ते बोललो. ती एवढंच म्हणाली, "तूच थांबला होतास रे." पियानोच्या स्वरलिपीच्या वह्या उचलून ती निघून गेली. माझ्या वह्या माझ्याकडे राहिल्या. तेव्हापासून बोलणं बंद.

गेल्या महिन्यात मुलीने त्या कार्यक्रमाची टेप शोधून लावली. त्यात मी अडखळतो आणि गप्प होतो. बराच वेळ काहीच नाही. मग पियानो येतो, अगदी हळू, जणू तसंच ठरलं होतं. ताईने मला सांभाळून घेतलं आणि मी गावभर तिची चूक सांगत फिरलो. मला माझीच लाज वाटते.

५. या मृत्युपत्राने ताईला काहीही दिलेलं नाही. वकील म्हणाले, "ज्याला काही मिळणार, त्याला साक्षीदार करू नका." आणि साक्षीदाराला माझ्यासमोर बसून सही करावी लागते. मला ती समोर हवी आहे. मुलगी निरोप घेऊन गेली आहे. ताई आली, तर माझ्या सातही वह्या जिवंतपणीच तिच्या हातात देईन आणि माफी मागेन. नाही आली, तर खालची एक जागा कोरी राहील आणि हा कागद कच्चा राहील. मी दुसरा साक्षीदार शोधणार नाही.

ठिकाण: बैठकीची खोली, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: बारा मार्च, दुपारी चार

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचे घड्याळजी

साक्षीदार दुसरी: (सही) थोरली बहीण. याने माझ्यादेखत सही केली. माझ्या पियानोचे तीन सूर उतरले आहेत. ते लावून होईपर्यंत याने मरू नये.